थाळनेरमार्गे बऱ्हाणपूर : मित्रांसोबतचे दोन दिवस

प्राग, व्हिएन्ना, लिस्बन असली शहरं शनिवार-रविवारी मित्रांबरोबर पाहून यायची युरोपात रीतच आहे. शुक्रवारी रात्री गाडी पकडायची किंवा स्वस्तातलं विमान, एक-दोन मुक्काम, एखादा जुना किल्ला, एक मोठं प्रार्थनास्थळ, नदीकाठचा फेरफटका, तिथली मिठाई, आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर. व्हिसा, युरो आणि विमानतळावरच्या रांगा यांच्या भानगडीत न पडता धुळेकरांनाही हे जमण्यासारखं आहे. राजधानी मात्र आपली, खान्देशची. ती आज महाराष्ट्रात नाही एवढंच. जाताना वाटेत तिच्याही आधीची राजधानी लागते. पहिली थाळनेर, दुसरी बऱ्हाणपूर.

चार-पाच मित्र, एक गाडी आणि जोडून आलेले दोन दिवस एवढं ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझा आग्रह एकच : थाळनेर टाळून थेट बऱ्हाणपूर गाठू नका. थाळनेर न पाहता बऱ्हाणपूरला गेलात तर तिथे मोगलांचं एक जुनं शहर दिसेल. थाळनेर पाहून गेलात तर खान्देशची राजधानी दिसेल.

इतिहास गाडीत बसण्याआधी पाच मिनिटांत उरकून घ्या, नाहीतर वाटेत प्रत्येकजण मोबाइलवर वेगळंच वाचून वाद घालतो. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने 1370 मध्ये मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंद हे परगणे दिले. करवंद म्हणजे शिरपूरजवळचं, आज धरणामुळे ओळखलं जातं ते. बारा वर्षांनी, 1382 मध्ये, या मलिक राजाने स्वतंत्र कारभार सुरू केला. आपला वंश तो खलिफा उमर फारूकपर्यंत नेत असे, म्हणून हे घराणं फारुकी. त्याचा मुलगा नासिरखान याने आसीरगड घेतला आणि तापीच्या काठी नवं गाव वसवलं. खुलताबादला ज्यांची कबर आहे त्या शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने ते बऱ्हाणपूर, आणि समोरच्या काठावर शेख झैनुद्दीन यांच्या नावाने झैनाबाद. 1601 मध्ये अकबराने आसीरगड घेतला आणि फारुकी संपले. पुढे बऱ्हाणपूर मोगलांच्या खान्देश सुभ्याचं ठाणं झालं. 1760 च्या उदगीरच्या लढाईनंतर ते पेशव्यांकडे आलं, मग शिंद्यांकडे गेलं. इंग्रजांनी ते निमाड जिल्ह्यात घातलं आणि खान्देशचा कारभार धुळ्यात आणला. राजधानी आणि मुलूख यांची ताटातूट झाली ती तेव्हापासून.

आता रस्ता. बहुतेकजण धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा महामार्ग धरतात. तो परतीसाठी राखून ठेवा. जाताना आग्रा रोडने शिरपूरकडे निघा. सोनगीर, नरडाणा, तापीवरचा सावळद्याचा पूल आणि शिरपूर, हे पन्नासेक किलोमीटर. शिरपूरहून आग्नेयेला पंधराएक किलोमीटरवर थाळनेर. तिथून चोपडा, अडावद, यावल, फैजपूर, सावदा, रावेर आणि बऱ्हाणपूर. हा सगळा रस्ता तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याने जातो. एकूण दोनशेच्या आसपास भरतं. ऐन हंगामात उसाचे ट्रॅक्टर आणि केळीचे ट्रक पुढे असतात, त्यामुळे ताशी पन्नासचाच हिशोब धरा. रावेरच्या पुढे रस्त्याची कामं निघालेली असतात, तेव्हा आदल्या दिवशी कोणाला तरी फोन करून विचारलेलं बरं.

रस्ता नवा नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615 मध्ये जहांगीराच्या भेटीला निघाला तेव्हा सुरतेहून नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर असाच बऱ्हाणपुरात पोचला. त्याला पंधरवडा लागला. तिथे शहजादा परवेझ सुभेदार होता. रोने त्याला नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी दिली आणि पुढची भेट व्हायची राहिली, कारण शहजाद्याला ती पेटी झेपली नाही. गाव मातीच्या झोपड्यांचं आहे, अशीही नोंद या पाहुण्याने करून ठेवली आहे. तुमच्यातला कोणी 'काय ठेवलंय तिथे' म्हणून नाक मुरडत असेल तर त्याला हे ऐकवा. चारशे वर्षांपूर्वीही पाहुणे असंच म्हणत होते.

धुळ्याहून सकाळी साडेसहाला निघा. आठ-सव्वाआठला थाळनेरात असलात की ऊन कोवळं असतं आणि गावातली मंडळी दारात असतात. फारुकी राजांच्या कबरी कुठे, असं विचारू नका, 'घुमट' विचारा. कबरींवरच्या या इमारती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. मलिक राजा (मृत्यू 1399), नासिरखान (1437), मिरान आदिलखान (1441) आणि मिरान मुबारकखान (1457), राजधानी हलल्यावरही पुढची माणसं पुरायला इथेच आणली गेली. इथे थांबा आणि घाई करू नका. बहुतेक घुमट चौकोनी, साधे, जड बांध्याचे. एकच अष्टकोनी आहे, आणि त्याच्या भिंतींवर कारागिराने हात आखडता घेतलेला नाही. कमानींच्या कडेने, कोनाड्यांच्या पट्ट्यांवर, कोपऱ्याच्या दगडावर बारीक कोरीव काम आहे. लांबून तो बाकीच्यांसारखाच दिसतो; दोन हातांवर गेल्यावर फरक कळतो. पटापट फोटो काढून निघालेल्या गटाला हा दगड दिसतच नाही. एक फेरी मोबाइल खिशात ठेवून मारा, मग फोटो काढा.

किल्ला तापीच्या काठावर आहे, म्हणजे होता. आता बुरूज, मातीचे ढिगारे आणि नदीकडची भिंत एवढं उरलं आहे. पण गोष्ट ऐकून तिथे उभं राहण्यात अर्थ आहे. महिदपूरच्या लढाईनंतर मंदसोरच्या तहात होळकरांनी इथला मुलूख इंग्रजांना दिला. तो ताब्यात घ्यायला सर टॉमस हिस्लॉप 27 फेब्रुवारी 1818 रोजी थाळनेरला आला. किल्लेदार तुळशीराम मामा. गडावर तीनेकशे शिबंदी. दरवाजांमागून दरवाजे उघडत गेले, बोलणी चालू आहेत की शरणागती झाली आहे याचा घोळ झाला, आतल्या दारात चकमक उडाली आणि इंग्रज अधिकारी पडले. हिस्लॉपने शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिली. लंडनच्या पार्लमेंटमध्ये या कृत्यावर प्रश्न उठले, हिस्लॉपचे आभार मानताना सभासदांनी हात राखला. तुळशीराम मामाचं आपल्याकडे कुठे नाव नाही, ही गोष्ट मला खटकते.

त्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याकडे खान्देश सोपवला गेला आणि त्याने ठाणं म्हणून धुळं निवडलं. आज आपण ज्याला जुनं धुळं आणि नवं धुळं म्हणतो ती आखणी तेव्हाची. याच ब्रिग्जने पुढे फिरिश्ता या इतिहासकाराच्या फारसी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं, ते 1829 मध्ये छापलं गेलं. फारुकी राजांबद्दल आपण जे काही वाचतो त्यातलं बरंचसं त्या पुस्तकातून आलेलं आहे. म्हणजे ज्याने राजधानी धुळ्याला आणली त्यानेच आधीच्या राजधान्यांची हकिगत जगाला वाचायला दिली.

थाळनेरात दीड तास पुरे. सावली कमी आणि चहा-नाश्त्याची सोय जेमतेम, म्हणून पाण्याच्या बाटल्या धुळ्याहूनच भरून घ्या आणि नाश्ता चोपड्यात करा. पुढे फैजपूर लागेल. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गाडीतून एवढं सांगितलं तरी चालेल. थांबलात तर बऱ्हाणपूरचं दुपारचं ऊन आणि संध्याकाळ दोन्ही हातची जातील.

मुक्कामाबद्दल. मध्य प्रदेश पर्यटनाचं तापती रिट्रीट आहे, शिवाय स्टेशनच्या बाजूला आणि मुख्य रस्त्यांवर खाजगी हॉटेलं आहेत. लग्नसराईत खोल्या मिळत नाहीत; फोनवर बोलून, गाडी लावायला जागा आहे का हे विचारून ठेवा. तटाच्या आतल्या गल्ल्यांत मोठी गाडी घालण्याचं धाडस करू नका. शनवारा, इतवारा, राजपुरा, लोहारमंडी, शिकारपुरा ही दरवाजांची आणि पेठांची नावं वाचूनच कळेल की शहर पायी चालणाऱ्यांसाठी आणि घोड्यांसाठी बांधलेलं आहे. गाडी हॉटेलवर ठेवा आणि रिक्षा करा. अर्ध्या दिवसाची रिक्षा ठरवताना कुठे कुठे जायचं ते आधी मोजून सांगा. भाषेची अडचण नाही. हिंदी चालतेच, मराठी बरीच समजते, आणि बाजारात अहिराणी बोललात तर पलीकडून हमखास विचारतील, कोणत्या गावचे? मागाच्या खटखटाटावरून धुळ्या-मालेगावच्या माणसाला आपल्याच मोहल्ल्यात आल्यासारखं वाटतं. इथेही मोमीन-अन्सारी विणकरांची वस्ती आणि यंत्रमाग आहेत.

गाडी नसेल तर धुळ्याहून चाळीसगाव, तिथून भुसावळ आणि भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने बऱ्हाणपूर. भुसावळपासून तासाभराचं अंतर. थाळनेर तेवढं हुकेल, ते वेगळ्या दिवशी एसटीने करा. बऱ्हाणपूर स्टेशन जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटर बाहेर, लालबागेत आहे.

पहिल्या दुपारी दोनच जागा ठेवा, जामा मशीद आणि शाही किल्ला.

जामा मशीद भर बाजारात, गांधी चौकात आहे. आदिलशाह फारुकी, म्हणजे राजा अलीखान, याने ती बांधली. दोन उंच मिनार, समोर मोठं आंगण आणि आत कमानींमागून कमानी. पादत्राणं बाहेर, डोकं झाकलेलं, आवाज खाली. शुक्रवारची दुपार आणि नमाजाच्या वेळा टाळा. आत जाताना तिथल्या माणसाला विचारा, 'संस्कृतवाला पत्थर कहाँ है?' ते स्वतः घेऊन जातात, जरा अभिमानानेच. पश्चिमेच्या भिंतीत, टोकाच्या मिहराबाशी अरबी लेख आहे आणि त्याच्याखाली नागरी अक्षरांत संस्कृत. सृष्टिकर्त्याला वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ आणि मग चक्क पंचांग. विक्रम संवत 1646, शके 1511, विरोधी संवत्सर, पौष महिना, पुढे तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. आपल्या लग्नपत्रिकेत जे असतं ते सगळं, मशिदीच्या भिंतीवर, सुलतानाच्या हुकमाने कोरलेलं. अक्षरं वाचता येतात. गटात कोणी शाळेत संस्कृत घेतलेला असेल तर त्याला पुढे करा, बाकीच्यांनी मोबाइलचा उजेड धरा. पण आधी परवानगी घ्या. आसीरगडावरच्या मशिदीतही याच राजाचा असा संस्कृत लेख आहे. फारुकींच्या दोन्ही लेखांनंतर काही वर्षांनी अकबर आला आणि त्याने आपल्या विजयाचा फारसी लेख बऱ्हाणपूरच्या या मशिदीत कोरवून घेतला. एकाच इमारतीवर जुना मालक आणि नवा मालक दोघेही बोलतात.

शाही किल्ला तापीच्या काठावर उभा आहे. तिकीट काढावं लागतं आणि संध्याकाळी तो बंद होतो, म्हणून चारच्या आत शिरा. वरचे मजले पडले आहेत. पाहायचं ते हमामखाना. दार लावलेलं असेल तर पहारेकऱ्याला विनंती करा. आतलं छत पाहायला मान वर करून उभं राहावं लागतं. अंधाराला डोळे सरावले की फुलं, वेली, जाळीसारखे नमुने हळूहळू उमटायला लागतात. रंग उडालेत, ओल चढली आहे, तरी निळा आणि तांबडा अजून ओळखू येतो. बादशहाच्या खर्चाने, बेगमेच्या स्नानासाठी रंगवलेलं हे छत. बेगम म्हणजे मुमताज. 1631 च्या जूनमध्ये, चौदाव्या बाळंतपणात ती याच शहरात गेली. पलीकडच्या काठावर, झैनाबादच्या आहूखान्यात तिला तात्पुरतं पुरलं आणि सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. यापुढे गाईड जे सांगतो, की ताजमहाल आधी इथेच व्हायचा होता, छतावरचं चित्र पाहूनच ताजचा नकाशा सुचला, ते ऐकून घ्या, वाद घालू नका आणि पदरचं मीठ लावून पुढे पसरवू नका.

किल्ल्याच्या गच्चीवरून समोर झैनाबाद दिसतं. तिथलीच दुसरी गोष्ट जास्त खरी आहे आणि कमी सांगितली जाते. शहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना तिथल्या बागेत त्याला हिराबाई नावाची गायिका दिसली आणि तो वेडा झाला. हकिगतीत म्हटलंय की तिने फळांनी लगडलेल्या आंब्याची फांदी खाली ओढून आंबा तोडला आणि शहजाद्याचा तोल गेला. पुढे ती लवकर वारली. 'झैनाबादी' हे तिचं नाव या गावावरून. खान्देशात प्रेमकथा नाही म्हणणाऱ्या मित्राला हे सांगायला गच्चीइतकी चांगली जागा नाही.

आता खाणं. संध्याकाळ यासाठीच मोकळी ठेवायची. बऱ्हाणपूरची मावा जलेबी आपल्या जिलबीसारखी नाही. खव्याची, जाड, तळून काळपट तांबूस झालेली; एक खाल्ली की जेवण झाल्यासारखं वाटतं, म्हणून दोघांत एक घ्या. दुसरं दराबा. रवा, साखर आणि तूप हाताने फेटून फेटून हलकं केलेलं, जिभेवर ठेवलं की विरतं. हे घरी न्यायला सोयीचं. तिसरे मांडे. आपल्या बायका खापरावर पुरणाचे मांडे करतात ती जात वेगळी. इथले मांडे भल्या मोठ्या रुमालासारखे, पातळ, आणि मांसाहारी रश्शाबरोबर खायचे. रमजानच्या रात्री गेलात तर गल्ल्या पहाटेपर्यंत जाग्या असतात. मात्र तेव्हा दिवसा जुन्या शहरात खाण्याची दुकानं बंद मिळतील याची तयारी ठेवा.

पैशांची गोष्ट याच संध्याकाळी निघते. निघण्याआधीच प्रत्येकाची सारखी कॉन्ट्री काढून एकाच्या हातात द्या आणि डिझेल, टोल, तिकिटं, चहा, रिक्षा सगळं त्यातूनच. हिशोब लिहिणारा एक, गाडी चालवणारे दोन आणि 'आता पुढे चला' म्हणण्याचा अधिकार असलेला एक. हे शेवटचं पद सर्वांत महत्त्वाचं. मित्रांच्या सहलीत वेळ फिरण्यात जात नाही, 'थांब भो, एक चहा' यात जातो. खाजगी कुरबूर टाळायची तर खोलीत कोण कोणासोबत झोपणार, कोण घोरतो, तेही धुळ्यातच ठरवून निघा.

दुसऱ्या दिवसासाठी गटाने आदल्या रात्री निवड करावी. सगळं पाहायचा हट्ट धरला तर काहीच नीट होत नाही. चढायची तयारी असेल तर आसीरगड, नसेल तर शहराच्या आसपासच्या कबरी आणि छत्री. कुंडी भंडारा दोन्ही बेतांत ठेवा.

आसीरगड शहराच्या उत्तरेला, खंडव्याच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर. सूर्य उगवताना पायथ्याशी असायला हवं. सातपुड्यातली ही खिंड राखली की नर्मदेकडून दख्खनमध्ये उतरणारी वाट हातात राहते, म्हणून हा 'दख्खनचा दरवाजा'. अकबराला इथे महिनोन्‌महिने वेढा घालून बसावं लागलं आणि तरी शेवटी तोफांपेक्षा फितुरीने आणि आतल्या रोगराईने काम केलं. गडाच्या तीन पायऱ्या आहेत, आसीरगड, कमरगड, मलयगड. वर मशीद आहे, पाण्याची टाकी आहेत आणि शिवाचं देऊळ आहे. त्या देवळात रोज पहाटे अश्वत्थामा येऊन फूल वाहून जातो असं गावकरी सांगतात. धुळ्या-नंदुरबारच्या माणसाला हे ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडे दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते ती याच अश्वत्थाम्याची. जखमेला तेल मागत तो सातपुडाभर फिरतो म्हणतात, तर मग डोंगराच्या दोन्ही टोकांना त्याचं घर असणं साहजिक आहे.

मराठी माणसाने आसीरगड पाहायचा तो आणखी एका कारणासाठी. दुसरा बाजीराव पळत पळत याच परिसरात आला आणि जून 1818 च्या सुरुवातीला आसीरगडाजवळ जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. शनिवारवाडा पाहायला लोक रांगा लावतात; पेशवाई जिथे संपली त्या मुलखात वर्षाकाठी किती मराठी गाड्या येतात ते पार्किंगच्या पाट्यांवरून मोजा. फेब्रुवारीत थाळनेर, जूनमध्ये आसीरगड. तुम्ही दोन दिवसांत जे अंतर गाडीने काटलं तेवढ्यात एक राज्य गेलं.

चढ नको असेल तर रिक्षा ठरवून चार ठिकाणं करा. शहजादा शाह शुजाच्या बेगमेची कबर, जिला आकारामुळे खरबुजा गुंबज म्हणतात. आत रंगकाम सुंदर आहे, आणि किल्ली बहुधा जवळच्या चौकीदाराकडे असते. मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाचा मुलगा शाहनवाज याची काळ्या दगडाची कबर. तापीकाठची राजा की छत्री. हा राजा म्हणजे पुरंदरच्या तहाचा मिर्झाराजे जयसिंग, जो 1667 मध्ये दक्षिणेतून परतताना बऱ्हाणपुरात वारला. शिवाजी महाराजांना आग्र्याला पाठवणाऱ्याचा शेवट इथे झाला हे कळल्यावर छत्रीखाली दोन मिनिटं जास्त थांबलं जातं. चौथं बहादुरपूर. पाहायला तिथे फारसं काही नाही, पण 1681 च्या सुरुवातीला, संभाजी महाराज गादीवर आल्यावर काही महिन्यांत, मराठ्यांच्या फौजेने हाच संपन्न उपनगराचा पट्टा तीन दिवस लुटला. वेळ असेल तर दाऊदी बोहऱ्यांची दर्गाह-ए-हकीमी आणि गुरू गोविंदसिंगांच्या 1708 च्या मुक्कामाची आठवण असलेला गुरुद्वाराही आहे. गुरुजी इथूनच पुढे नांदेडला गेले.

आणि कुंडी भंडारा. लालबागेच्या पुढे, शहराबाहेर. अख्ख्या सहलीत एकच जागा निवडायची वेळ आली तर मी ही निवडेन. वरून पाहिलं तर शेतांतून एका रांगेत गेलेल्या विहिरींची तोंडं दिसतात, शंभरावर. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणलेलं. इराणी कनातीची ही पद्धत; 1615 च्या सुमारास, जहांगीराच्या काळात, अब्दुर्रहीम खानखाना इथे असताना इराणी जाणकाराच्या हाताखाली काम झालं. औरंगाबादची नहर आणि पाणचक्की पाहिलेल्यांना तत्त्व लगेच कळेल. पांझरेकाठच्या माणसाला तर जास्तच, कारण आपले फड बंधारेही पंपाशिवाय, पाण्याच्या उतारावरच शेतं भिजवत आले. इथे एका कुंडीत उतरायला लिफ्ट आहे. ती चालू आहे का हे हॉटेलवरूनच विचारून घ्या. पावसाळ्यात आणि दुरुस्तीच्या वेळी बंद असते. ऐंशीएक फूट खाली गेल्यावर दगडी बोगदा, घोट्या-पोटरीएवढं वाहतं पाणी आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. चपला वर काढा, पँट दुमडा, बॅटरी एकाच्या हातात नाही तर दोघांच्या हातात ठेवा. दम्याचा किंवा कोंडल्या जागेची भीती असलेला मित्र वर थांबला तर त्याची चेष्टा करू नका. खालचं पाणी ओंजळीत घेऊन पाहा, काच आहे. प्यावं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं; मी बाटलीतलंच पितो.

दोनच्या सुमारास परतीला लागा. हा सगळा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा आहे. एप्रिल-मेमध्ये थाळनेरच्या घुमटांत आणि आसीरगडावर दुपारी उभं राहणं म्हणजे आजारपण ओढवून घेणं, आणि ऐन पावसाळ्यात नदीकाठची ठिकाणं सोडून द्यावी लागतात. थंडीत गेलात तर परतताना रावेर-सावद्याच्या केळीच्या बागांतून फैजपूर, तिथून भुसावळच्या रस्त्याला बामणोद. भरिताच्या वांग्यासाठी या गावाचं नाव आहे. काट्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास रस्त्यावरच येतो. जागेवर खायचं असेल तर कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या सांगा, आणि पाचजणांना लागेल त्याच्या निम्मंच आधी मागवा. हिरवी मिरची किती हे पहिल्या घासाआधी विचारून घ्या. कच्ची वांगी घरी न्यायची असतील तर गाडीत दराब्याच्या डब्यावर ती ठेवू नका. बामणोदहून भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा करत रात्री नऊपर्यंत धुळ्यात पोचता येतं, फक्त जळगावात कोणाच्या मेहुण्याकडे चहाला थांबायचं नाही, हे 'पुढे चला' म्हणणाऱ्याने आधीच बजावून ठेवावं.